गळ्यात अडकवायचा सिंथ: घेण्याआधीचा हिशेब

ऑर्केस्ट्रात गायक, गिटारवाला, ढोलकीवाला सगळे स्टेजच्या कडेपर्यंत येतात; कीबोर्डवाला मात्र स्टँडमागेच अडकून राहतो. म्हणूनच आपल्या छत्रपती संभाजीनगरातले तरुण वादक सध्या की-टारची, म्हणजे गळ्यात अडकवायच्या सिंथची, चौकशी करताना दिसतात. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोरचा १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, १४ एप्रिलची भीमजयंती, गणपती, कर्णपुऱ्याची नवरात्रातली यात्रा, लग्नसराई अशी कामं वर्षभर चालू असतात. पुढे येऊन वाजवणारा लोकांच्या लक्षात राहतो आणि पुढची सुपारी त्यालाच येते, हे खरंच आहे. वाद्य गळ्यात घेऊन वाजवणं आपल्याकडे नवं नाही. नाथषष्ठीला पैठणला येणाऱ्या दिंड्यांत पेटीवाले पेटी गळ्यात अडकवूनच चालतात. पण पेटीचा आवाज पेटीतूनच येतो. की-टारचा आवाज कुठून येणार, हे दुकानात पाय ठेवण्याआधी ठरवावं लागतं. सगळा खर्च त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

की-टार दोन जातींचे असतात. एका जातीत आवाज वाद्यातच असतो. केबल मिक्सरला लावली की वाजवायला सुरुवात. दुसरी जात नुसती कंट्रोलरची. त्यात स्वतःचा एकही सूर नसतो. कुठली कळ किती जोरात दाबली, एवढाच निरोप तो मिडी नावाच्या जोडणीवरून दुसऱ्या यंत्राला देतो. सेकंडहँड बाजारात याच मुद्द्यावर फसगत होते. रोलँडचा २००१ सालचा एएक्स-७ आणि २००९ सालचा एएक्स-सिंथ फोटोत सख्खे भाऊ वाटतात. पण एएक्स-७ नुसता कंट्रोलर आहे आणि एएक्स-सिंथमध्ये आवाज आहेत. विकणारा ‘रोलँडचा की-टार’ एवढंच लिहितो. तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव विचारा आणि मागच्या लेबलचा फोटो मागवा.

नव्यात यामाहाचा सोनोजेनिक एसएचएस-५०० हलका आहे, वजन जेमतेम दीड किलो. कळा ३७, पण लहान मापाच्या. भाव साधारण २५ ते ३० हजारांत. अलेसिसचा व्होर्टेक्स वायरलेस २ त्याच पट्ट्यात बसतो. त्याच्या कळा पूर्ण मापाच्या आहेत, पण तो कंट्रोलर. रोलँडचा एएक्स-एज २०१८ साली आला. ४९ पूर्ण मापाच्या कळा, भरपूर आवाज, माइक लावून वापरायचा व्होकोडर, आणि किंमत लाखाच्या आसपास. कॉर्गची आरके-१०० मालिकाही आहे. दिसायला ती देखणी, पण ३७ लहान कळांसाठी एवढी किंमत मोजावी असं मला वाटत नाही.

लहान कळांवर थोडं थांबायला हवं. आपल्याकडचे बहुतेक कीबोर्डवाले पेटीवर शिकलेले असतात. गायक ऐनवेळी ‘काळी चार’ म्हणतो आणि बोटं सवयीनं तिथे जातात. लहान मापावर दोन काळ्यांमधली जागा अरुंद होते आणि जलद पीसमध्ये बोट शेजारच्या कळेला लागतं. त्यामुळे दुकानात वाद्य नुसतं गळ्यात घालून आरशात पाहू नका. उभं राहून, वाद्य जिथे लटकणार त्या उंचीवर, तुमच्या कार्यक्रमातला सगळ्यात अवघड पीस पूर्ण वाजवून पाहा. ३७ कळा म्हणजे तीन सप्तकं. सोलो वाजवायला तेवढं पुरतं, पण दोन्ही हातांनी साथ धरायला पुरत नाही. सप्तक बदलायचं बटण डाव्या अंगठ्याखाली येतं का, तेही पाहून घ्या.

खरी किंमत वाद्याच्या मानेवरच्या, सूर सरकवणाऱ्या पिच बेंडला द्यावी. कुठे ते चाक असतं, कुठे बोट फिरवायचं रिबन. पेटीवर मींड निघत नाही, इथे निघते. उजव्या हातानं मध्यम धरायचा आणि डाव्या हाताच्या बोटानं तो सावकाश पंचमावर न्यायचा. सनईचा आवाज लावून असं वाजवलं की मांडवातली माणसं मान वळवून पाहतात. बेंडची हद्द आधी दोन अर्धस्वरांवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन कळांच्या अंतरावर ठेवा. चाक सोडल्यावर सूर नेमका मूळ जागी परततो का, हे कानानं तपासा. जुन्या वाद्यांत इथेच खोट निघते. एप्रिलच्या उन्हात घामानं बोट रिबनवरून घसरतं, म्हणून आपल्या हवेत मला चाक अधिक भरवशाचं वाटतं.

आता मुद्दा आवाजांचा. या वाद्यांत कारखान्यातून भरून आलेले आवाज मुख्यतः लीड, ब्रास, स्ट्रिंग्जचे. भीमगीतांना, लावणीला आणि जागरण-गोंधळाला लागणारी पेटी, बुलबुल, सनई, बासरी त्यांत मनासारखी मिळत नाही. हे आवाज तुमच्याकडे बहुधा आधीपासून आहेतच. रोलँडचा एक्सपीएस-३० आपल्या स्टेजवर नेहमी दिसतो, त्यात स्वतःचे सॅम्पल भरता येतात. म्हणून घरी असा सिंथ असेल तर लाखाचा की-टार घेऊ नका. कंट्रोलर घ्या आणि आवाज घरच्या सिंथमधून काढा.

या जोडणीत एक अडचण येते. सिंथच्या मागची चौकोनी यूएसबी जागा आणि की-टारची यूएसबी, दोन्हींना मध्ये संगणक लागतो. एकमेकांना थेट जोडली तर काही वाजत नाही. पाच छिद्रांचा गोल मिडी आउट की-टारवर आणि मिडी इन सिंथवर असेल, तर एका केबलनं काम होतं. नसेल तर यूएसबी-मिडी होस्ट नावाची डबी घ्यावी लागते, चार ते सहा हजारांची. ट्रान्सपोज मात्र एकाच यंत्रावर करा. दोन्हीकडे केलं की गायक एका पट्टीत आणि तुम्ही दुसऱ्या.

घरी सिंथ असलेल्याचा हिशेब असा: कंट्रोलर २५ ते ३० हजार, होस्ट डबी ४ ते ६, चार्ज होणारे सेल आणि चार्जर २ ते अडीच, रुंद पट्टा हजाराच्या आसपास, वाद्य ठेवायची पेटी ३ ते ४. एकूण ३५ ते ४४ हजार. एएक्स-एज घेतला तर वाद्याचे लाख, शिवाय सेलचे दोन जोड आणि चार्जर, वायरलेस संच ६ ते १२ हजार, मिक्सरला जोडायचा डीआय बॉक्स २ ते ३, वाद्य ठेवायची चांगली पेटी ५ ते ८. मिळून १ लाख २० हजार ते १ लाख ३० हजार. विक्रेत्याकडून लेखी कोटेशन घ्या आणि १८ टक्के जीएसटी त्यात धरलाय का, हे विचारा. वर्षाला चार-पाच कार्यक्रम करणाऱ्यानं हे पैसे अडकवू नयेत. मोठ्या कार्यक्रमापुरतं भाड्यानं मिळतं का, हे आधी पुण्या-मुंबईत विचारावं.

सेलवर पैसे वाचवू नका. एएक्स-एजला आठ पेन्सिल सेल लागतात आणि ते साधारण चार तास चालतात. तीन तासांचा कार्यक्रम आणि त्याआधीचं साउंड चेक धरलं की दुसरा जोड खिशात हवाच. सेलचा फायदाही मोठा आहे. जनरेटर बदलताना वीज क्षणभर गेली तर स्टँडवरचा सिंथ बंद पडून पुन्हा सुरू होतो, गळ्यातला वाजत राहतो. कंट्रोलर असेल तर मात्र सिंथला छोटा यूपीएस लावावा लागेल, त्याचा खर्च वेगळा.

वायरलेसचं बहुतेक स्वस्त सामान २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. तापडिया नाट्यमंदिराच्या बंद सभागृहात दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे सगळं सुरळीत चालतं. विद्यापीठाच्या गेटवर हजारो मोबाइल समोर असताना सूर तुटू शकतो. रिसीव्हर रॅकमागे न लपवता तुमच्या नजरेसमोर ठेवा आणि सहा मीटरची केबल गुंडाळून स्टेजवर ठेवूनच द्या.

वजनाचंही बोलायला हवं. एएक्स-एज चार किलोंच्या वर जातो. तीन तास सलग गळ्यात ठेवला तर खांदा आणि मान दोन्ही धरतात. पाच-सहा गाण्यांना घ्यायचा आणि बाकी वेळ स्टँडवर ठेवायचा. पट्टा अडकवायच्या खुंट्या दर कार्यक्रमाआधी हलवून पाहायच्या.

शहरातल्या दुकानात की-टार शोकेसला लावलेला मिळेलच असं नाही. मुंबईला धोबी तलावच्या फुर्ताडोजसारख्या मोठ्या दुकानात जाण्याआधी फोन करून, ते मॉडेल वाजवून पाहायला ठेवलेलं आहे का, हे विचारा. वॉरंटीतली दुरुस्ती कुठे होते आणि वाद्य पाठवायचा खर्च कोणी करायचा, हे बिलावर लिहून घ्या. बिलावर सीरियल नंबर हवाच. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. वाद्य सदोष निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता मुंबईचा असला तरी खेटे मुंबईला घालायचे नाहीत, इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज द्यायचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची.