दहा पावलांवरचा नेम

२६ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील हिमायत बागेच्या परिसरात दहशतवादविरोधी पथक आणि संशयित यांच्यात गोळीबार झाला. एक संशयित ठार झाला, तर एक पोलीस कर्मचारी गोळी लागून जखमी झाला. मुघलकालीन बाग आणि फळझाडे यांसाठी परिचित असलेल्या या भागात अशी चकमक घडेल, असे कोणाच्याही मनात आले नसेल. परंतु पोलिसांच्या वाट्याला येणारे बहुतेक प्रसंग असेच असतात. ते रणांगणावर नव्हे, तर वस्तीत, जिन्यावर, गाडीच्या दारापाशी, चार-दहा पावलांच्या अंतरावर येतात आणि काही सेकंदांत संपतात. त्या वेळी अधिकाऱ्याच्या हाती असते ते कमरेचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर.

हे शस्त्र आकाराने लहान, म्हणून वापरण्यास सोपे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्रपटांनी ती अधिकच दृढ केली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नेम धरताना नळीवरील पुढची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणावी लागते. पिस्तुलात या दोहोंमधील अंतर जेमतेम १६ सेंटिमीटर असते. तेथे एक मिलिमीटरची चूक झाली, की दहा मीटरवर गोळी सुमारे सहा सेंटिमीटर आणि पंचवीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरहून अधिक सरकते. रायफलीत हेच अंतर अर्धा मीटर धरले, तर दहा मीटरवरील चूक दोन सेंटिमीटरच राहते. शिवाय रायफलीला खांद्याचा आधार मिळतो. पिस्तुलाला आधार फक्त मनगटाचा. चाप झटक्याने ओढला, की नळी खाली झुकते आणि गोळी वाया जाते.

म्हणूनच या शस्त्राचे शिक्षण चांदमारीच्या मैदानावर नव्हे, तर रिकाम्या शस्त्राने सुरू होते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, चाप हळुवार ओढण्याचा सराव करावयाचा. नळीच्या पुढच्या टोकावर एखादे नाणे ठेवावे आणि चाप सुटल्यावरही ते पडू नये, ही जुनी कसोटी आजही तितकीच उपयुक्त आहे. तिला सरकारी खर्च काहीच येत नाही, हे विशेष.

एके काळी जगभरचे पोलीस एक हात सरळ लांबवून, स्थिर उभे राहून, कागदी लक्ष्यावर सावकाश नेम धरीत. शांघाय नगर पोलीस दलातील अधिकारी फेअरबर्न यांनी प्रत्यक्ष चकमकींचा अनुभव पाहून ही पद्धत अपुरी ठरवली. झटापट जवळून होते, अनेकदा अंधारात होते आणि सावकाश नेम धरण्यास सवड नसते, हा त्यांचा निष्कर्ष १९४२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे दोन्ही हातांची पकड रूढ झाली. आडोसा घेणे, चालता चालता गोळी झाडणे, अडकलेले काडतूस काढणे यांचाही प्रशिक्षणात समावेश झाला. ईशापूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये तेरा काडतुसे मावतात, रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. मात्र रिव्हॉल्व्हरमधील एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते; पिस्तूल अडले तर ते मोकळे करण्याची हातोटी अंगी मुरलेली असावी लागते.

ती मुरते सरावाने, आणि सरावाला काडतुसे लागतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांच्या तुटवड्यामुळे नियमित गोळीबार सराव होत नसल्याकडे लक्ष वेधले होते. त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. अतिरेक्याच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळेच तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या शौर्यापुढे मस्तक नमते. पण असे शौर्य कोणावर लादले जाऊ नये, याची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हल्ल्यानंतर ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभारण्यात आले. तथापि घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचतो तो जवळच्या ठाण्यातील शिपाई किंवा फौजदार. खरा प्रश्न त्याच्या सरावाचा आहे.

साधनसामग्रीबाबतही अशीच एक गफलत होते. ‘बुलेटप्रूफ जाकीट’ म्हटले, की ते सर्व गोळ्या अडवते असा समज होतो. नुसत्या विणलेल्या थरांचे जाकीट पिस्तुलाची गोळी अडवू शकते. एके-४७ च्या गोळीसाठी आत कठीण पट्ट्या बसवाव्या लागतात आणि त्यांनी वजन वाढते. २०१८ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने अशा जाकिटांसाठी स्वतंत्र मानक ठरविले आहे. जाकीट चढवून पिस्तूल काढणे, वाकणे, जिना चढणे यांचाही सराव हवा. एरवी ते कपाटातच राहते.

शहागंज किंवा गुलमंडीसारख्या गजबजलेल्या भागात आणखी एक प्रश्न उभा राहतो. गोळी नेमावर लागली नाही, तर ती कोठे जाईल? दगडी भिंतीवर आपटून ती दिशा बदलते, पातळ दार भेदून पलीकडच्या खोलीत जाते. समोरच्याच्या हातात शस्त्र आहे की भ्रमणध्वनी, त्याच्या मागे कोण उभे आहे, हे चाप ओढण्यापूर्वी पाहावयाचे असते. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात गोळी न झाडण्याची लक्ष्येही ठेवतात. हाती पिशवी असलेल्या स्त्रीच्या चित्रावर गोळी मारणारा शिकाऊ, बाकी सारे नेम अचूक असले तरी, अनुत्तीर्ण ठरावा हेच योग्य.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. अटकेला बळाने विरोध झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय योजता येतात. परंतु मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या तरतुदीने मिळत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. चकमकीत मृत्यू झाल्यास काय करावे, याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सप्टेंबर २०१४ मध्ये दिले. त्यानुसार तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे सोपविला जातो आणि संबंधित अधिकाऱ्याला आपले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावे लागते.