फिरत्या घराचा तोल

बैलगाडी भरताना तुम्ही पाहिली असेल. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाले की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून जाणता गाडीवान ओझ्याचा भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो.

अमेरिकेत पुष्कळ लोक मोटारीमागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर घेऊन त्याचे फिरते घर बनवितात. बिछाना, शेगडी, कपाट, पाण्याची टाकी यांपैकी काय कोठे ठेवायचे? करवत हाती घेण्यापूर्वी याचे गणित मांडावे लागते.

ट्रेलर ही तरफ समजा. आस हा टेकू आणि पुढच्या टोकाला मोटारीची आकडी. आसापुढचे वजन आकडी खाली दाबते, मागचे वजन ती वर उचलते. आकडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा, असा तेथील संकेत आहे. भार कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि मोटारीसह उलटू शकतो. फार झाला, तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि मोटार नीट वळत नाही.

समजा, सामानासह ट्रेलरचे वजन ९०० किलोग्रॅम आहे, गुरुत्वमध्य आसापुढे ०.४ मीटरवर आहे आणि आकडी आसापासून ३ मीटरवर आहे. मग आकडीवरचा भार = ९०० × ०.४ ÷ ३ = १२० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १३ टक्के. ठीक!

आता १०० लिटरची टाकी बसवू. त्यातील पाणीच १०० किलोग्रॅम. ती आसामागे १.८ मीटरवर ठेवली, तर भार १०० × १.८ ÷ ३ = ६० किलोग्रॅमने घटेल. एकूण १,००० किलोग्रॅमचे उरले अवघे ६ टक्के! तेवढ्याच अंतरावर पुढे ठेवली, तर १८ टक्के. बरोबर आसावर ठेवली, तर टाकी भरलेली असो वा रिकामी, आकडीवर १२० किलोग्रॅमच. वाटेत ज्याचे वजन बदलते, त्याची जागा आसावर.

जड वस्तू दोन्ही टोकांना ठेवून तोल साधला तर? एका काठीच्या दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या बांधा, काठी मध्ये धरून डावीउजवीकडे फिरवा आणि झटकन थांबवा. मग बाटल्या मध्याजवळ बांधून तेच करा. कोणती काठी थांबवायला जड गेली? झोका घेणाऱ्या ट्रेलरचेही तसेच आहे.

आता हे तुम्ही सोडवा : टाकी आसावर व भरलेली आहे. आसामागे २ मीटरवर ३० किलोग्रॅमच्या सायकली टांगल्या. आकडीवर किती टक्के भार उरेल? तो पुरेल का? नसल्यास काय हलवाल?