लपवलेला खेळाडू

बेसबॉलमध्ये मोठे संघ नवी पोरं मायनर लीगमध्ये तयार करतात. पण कायमची दाबून ठेवता येत नाहीत. १८ किंवा कमी वयात घेतलेला खेळाडू पाचव्या ‘रूल ५’ ड्राफ्टपर्यंत मुख्य ४० जणांच्या यादीत आला नाही, तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. मात्र पुढचा अख्खा हंगाम मुख्य संघातच ठेवायचा! फुकट साठेबाजी नाही.

तयार करणाऱ्यांवर अन्याय वाटतो ना? मला नाही वाटत. १९५४ साली (तेव्हा नियम थोडे वेगळे होते) डॉजर्सनी रॉबर्टो क्लेमेंटेला माँट्रियलला ठेवून बऱ्याचदा बाकावरच बसवलं. पायरेट्सचे सुकफोर्थ गेले होते जो ब्लॅकची बॉलिंग बघायला. नजरेत भरला क्लेमेंटेचा थ्रो. त्याच नोव्हेंबरात पायरेट्सनी त्याला उचललं. पुढे ३००० हिट्स, सगळ्या पायरेट्सकडूनच.