दिवाळीनंतरचा ग्रासकटर

आंबा-काजूच्या बागेतली शेवटची बेणणी आटोपली की ग्रासकटर पडवीतल्या खुंटीला लागतो, तो पुढच्या पावसातच खाली उतरतो. मग दोरी ओढून ओढून दंड भरून येतात आणि गडी जाहीर करतो, ‘मशीन बाद!’ खरं तर ते कामानं क्वचितच बाद होतं. बिघडवतं ते टाकीत राहिलेलं पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पेट्रोल उडून गेल्यावर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकटा उरतो तो वेगळाच.

म्हणून आधी टाकी डब्यात रिकामी करा. टू-स्ट्रोकचं हे ऑइल मिसळलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये ओतू नका. शेजाऱ्याची बेणणी चालू असेल तर त्याला द्या. कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा दाबून राहिलेलं पेट्रोल टाकीत परत आणा, तेही ओता. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालू द्या. चोक लावून पुन्हा एकदा. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं.

इंजिन गार झालं की प्लग काढा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर चिंता नाही. काळं आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तारेच्या ब्रशनं घासा, फट ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवा. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग बसवा आणि दोरी जड लागेल तिथे थांबा.

एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, झटकायचा. टाकीतला फिल्टर वाकड्या तारेनं बाहेर ओढा. काळवंडला असेल तर बदला, फार महाग नसतो.

पात्याचा नट बहुतेक मशीनवर उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. जोर लावून आटे घालवण्याआधी हे आठवा. गिअरच्या डोक्यावरचा बोल्ट काढून ग्रीस भरा. हंगामातही दर २०-२५ तासांनी हे करायचं असतं, पण डोकं हात भाजेल इतकं तापेपर्यंत कुणाला आठवत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असेल तर काजळी खरवडा.

फोर-स्ट्रोक असेल तर टाकी रिकामी करण्याआधीच, इंजिन कोमट असताना, जुनं ऑइल डब्यात ओता, वहाळात नको. जेमतेम १०० मि.लि. बसतं; बहुतेकांना १०डब्ल्यू-३० चालतं. नव्या मशीनचं पहिलं ऑइल १० तासांनीच बदला, त्यात धातूचा चुरा असतो.

जूनमध्ये टू-स्ट्रोकसाठी ताजं मिश्रण करा. मशीनच्या पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मि.लि. टूटी ऑइल, २५:१ असेल तर ४०. ते डब्यातच मिसळून हलवा आणि महिन्याभरात संपेल एवढंच करा.