एक रेघ हलली की...

माझं गाव पाचोड, नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरवर बसून दहा वर्षं झाली. त्यातलं जे अंगाशी येऊन कळलं, तेवढंच सांगतो.

१. एकाच स्केचमध्ये सगळं बसवणं म्हणजे हुशारी, असं मला सुरुवातीला मनापासून वाटायचं. मोसंबीच्या बागेतल्या फवारणी यंत्राचा एक ब्रॅकेट होता. बाहेरची कड, आठ भोकं, दोन खाचा, कोपऱ्यांची गोलाई, सगळं एकाच स्केचमध्ये. दिसायला देखणं. मग रुंदी दहा मि.मी. वाढवायचा निरोप आला. माप बदललं आणि अर्धं स्केच लाल झालं. कुठली रेघ कशाच्या आधारावर उभी आहे, ते काढणाऱ्या मलाच सापडेना. रात्री अकराला सगळं पुसून नव्याने काढायला घेतलं.

२. उपाय गावातच होता, ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात. मिस्त्री प्लेटवर खडूने आधी मधली रेघ मारतात. तिच्यापासून मापं घेऊन पंच मारतात, मग ड्रिल लावतात. कोपऱ्यांवर ग्राइंडर फिरतो तो अगदी शेवटी. मी मात्र गोलाई पहिल्याच स्केचमध्ये घालत होतो! आता आधी साधा आयत काढतो, भोकांचं स्केच वेगळं ठेवतो आणि फिलेट, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई, शेवटी थेट मॉडेलवर देतो. फीचरची यादी लांबते. लांबू दे.

३. स्केचमधली निळी रेघ म्हणजे अर्धवट काम, काळी म्हणजे पक्कं. वर्तुळाला तीनच गोष्टी लागतात : केंद्राची आडवी-उभी जागा आणि व्यास. तेवढं दिलं की ते काळं होतं. रेघांना अटी घालण्याची ही सोय जुनी आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत केलेल्या ‘स्केचपॅड’मध्येही ती होती.

४. पुढे साधेपणाचाही अतिरेक केला. ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंट लिंकेजला जोडायच्या सांगाड्याची तीन भोकं मी तीन स्केचमध्ये काढली. लिंकेजच्या कॅटेगरी एक या आकाराला खालच्या पिना २२ मि.मी.च्या, वरची १९ची. खालच्या दोन भोकांमधलं अंतर बदललं, पण वरच्या भोकाला त्याचा पत्ताच नाही. जी मापं एकमेकांवर अवलंबून असतात ती एकाच स्केचमध्ये हवीत, मग ते कितीही गजबजलेलं दिसो.

आज तुमची एखादी जुनी फाइल उघडा आणि तिच्यातली एक रेघ माउसने ओढून बघा. हलली, तर तिला अजून एखादं माप किंवा अट द्यायची राहिलीय.