अर्नाळा बेट : एक दिवसाची सहल

विरारहून बसने अर्नाळ्याला जा आणि होडीत बसा. थोड्याच वेळात वैतरणेच्या मुखाजवळचं बेट येतं. इथला किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. उत्तर दरवाजावरच्या शिलालेखात बाजीराव पेशव्यांचं नाव शोधा.

मग कोळीवाड्यात फिरा. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळताना दिसतील. अवकाळी पावसाची एक सर आली, तर हा माल खराब होतो आणि घरखर्चाचं गणित बिघडतं. शिवाय उधाणाच्या लाटा किनारा खात घरांपर्यंत येतात. तरी लोक बेट सोडत नाहीत, कारण मासेमारीवरच त्यांचं पोट आहे.

म्हणून जाळ्यांवर पाय देऊ नका, कचरा परत आणा. आणि हो, शेवटची होडी कधी सुटते, ते उतरतानाच विचारून ठेवा!