सेन्बेई इतकी कडक का असते?

प्रश्न : मुलाने जपानहून सेन्बेईचे पाकीट आणले. तांदळाची चकती, पण आपल्या पापडाहून कितीतरी जाड आणि कडक. जपानी भात तर चिकट असतो, मग त्याची चकती अशी कशी होते? ती तळतात का? आणि उघडे राहिलेले पाकीट सादळले आहे, ते टाकून द्यायचे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी चिकटपणाचे पाहू, कारण इथे दोन तांदूळ एक समजले जातात. जपानमधला रोजच्या जेवणातला तांदूळ शिजल्यावर थोडा चिकटतो, पण खरा चिकट तांदूळ निराळाच. मोची नावाचा पदार्थ त्याचा होतो. फरक आहे तो स्टार्चमधल्या अमायलोजचा. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच, म्हणून त्याचा गोळा भाजताना भरपूर फुगतो आणि हलका होतो. अरारे आणि ओकाकी हे खाऊ त्याचे करतात. सेन्बेई मात्र रोजच्या तांदळाची. त्यात अमायलोज असल्यामुळे ती बेताने फुगते आणि आतून घट्ट राहते.

करण्याची सुरुवात आपल्या तांदळाच्या पापडासारखीच होते : तांदूळ धुऊन, भिजवून, दळायचा, पीठ वाफवायचे, मळायचे, लाटून गोल चकत्या पाडायच्या आणि वाळवायच्या. सारे कसब या वाळवण्यात आहे. चकती घाईने वाळवली, तर वरचा भाग आधी आकसतो, आत ओल राहते आणि तडे जातात. म्हणून वाळवून, काही काळ तशीच ठेवून, आतली ओल सगळीकडे सारखी पसरू देतात आणि पुन्हा वाळवतात. तरीही ती अगदी कोरडी करून चालत नाही. राहिलेल्या थोड्या पाण्याची विस्तवावर वाफ होते आणि तीच चकतीला फुगवते.

कच्च्या चकत्या तयार करणारे वेगळे कारखानेही असतात, आणि अनेक छोटी दुकाने त्या आणून फक्त भाजतात. यात फसवणूक काही नाही. भाजणे हेच पुरेसे मोठे काम आहे. जाळीवर चकती सारखी उलटत राहावी लागते. एकीकडे फुगून ती वाकडी होऊ लागली, की हातातल्या जड ठोकळ्याने दाबून सपाट करायची. क्षणभर उशीर झाला तर करपते, आधीच दाबली तर नीट फुगत नाही. कारखान्यात हे यंत्रे करतात आणि चकत्या एकसारख्या निघतात. हाताने भाजलेल्या चकतीवर कुठे फिकट, कुठे गडद डाग दिसतात. मला तीच आवडते, कारण एकाच चकतीत दोन-तीन चवी लागतात.

गरम असतानाच तिच्यावर सोया सॉसचा कुंचला फिरवतात. त्यातले पाणी उडते आणि खमंग वास व गडद रंग येतो. टोकियोच्या उत्तरेचे सोका हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, निक्कोला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचा तो दुसरा मुक्काम. प्रवाशांची वर्दळ होती, भोवती भातशेती होती आणि सोया सॉससाठी नावाजलेले नोदा फार दूर नव्हते.

तर तळण्याबद्दल : तळलेली जात मिळते, पण सोकाची सेन्बेई भाजलेलीच. मात्र सेन्बेई नावाचे सगळेच तांदळाचे नसते; ईशान्य जपानमधली नान्बू सेन्बेई गव्हाची असते. शाकाहारी लोकांनी पाकिटावरचे घटक जरूर वाचावेत, कारण काही प्रकारांत कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. गहू वर्ज्य असणाऱ्यांनीही सावध राहावे, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

आता सादळलेले पाकीट. जपानमध्ये मुद्दाम मऊ केलेली सेन्बेईही विकतात. भाजल्याबरोबर ती सोया सॉसमध्ये बुडवतात, म्हणून ती चिवट होते. चोशी या गावची 6.4 किलोमीटरची छोटी रेल्वे कंपनी 1995 पासून अशी सेन्बेई विकते. 2006 मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीला पैसे नव्हते, तेव्हा कंपनीने लोकांना ती विकत घेण्याचे जाहीर आवाहन केले. मागणीचा पूर आला आणि गाड्या चालू राहिल्या.

तुमची सेन्बेई मात्र हवेतल्या ओलाव्याने मऊ झाली आहे. बुरशी किंवा खवट वास नसेल तर टाकू नका. कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ती नरमच लागेल. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच येतो. साखरेचा थर असलेली असेल तर तव्यावर घालू नका, साखर चटकन करपते.